न कापलेली शेवई

फिलिपिन्समध्ये वाढदिवसाच्या जेवणात 'पान्सित' असावे लागते, आणि त्यातल्या शेवया शिजवण्यापूर्वी कापायच्या नसतात, हा नियम तिथल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असतो. पान्सित म्हणजे मांस, भाज्या आणि सोया सॉस यांच्यासह कढईत परतलेल्या लांब शेवया. प्रांताप्रांतानुसार त्याचे रूप बदलते, पण शेवई अखंड ठेवण्याचा संकेत सर्वत्र सारखाच आढळतो. कारण विचारले तर तागालोग भाषेत ठरलेले उत्तर मिळते: 'पाम्पाहाबा नांग बुहाय', म्हणजे आयुष्य लांबवणारे. यातला 'हाबा' म्हणजे लांबी, 'बुहाय' म्हणजे जीवन, आणि 'पाम्' हा उपसर्ग साधनाचा अर्थ देतो, त्यामुळे मराठीत 'पाचक' म्हटल्यावर पचन घडवून आणणारा पदार्थ डोळ्यांपुढे येतो तसेच या शब्दाचेही होते. म्हणजे भाषेच्या पातळीवर हे सरळसरळ कार्यकारणभावाचे विधान आहे. मात्र ते करणारी व्यक्ती शेवईच्या लांबीने आयुष्याची लांबी वाढते असे खरोखर मानते का, मानत नसेल तर हा नियम इतक्या कसोशीने का पाळते, आणि मानत असेल तर ती ज्या कॅथलिक धर्मात वाढली त्या धर्माशी या समजुतीचा मेळ कसा बसतो, हे प्रश्न दिसतात त्यापेक्षा बरेच अवघड आहेत. खूण आणि कारण यांत नेमका भेद कोणता, आणि एखादी खूण केली जाते तेव्हा ती कोणासाठी केली जाते, हा धर्मचिंतनातला जुना वाद या कढईतही शिजत असतो.

या विचारासाठी लुकबानचे पान्सित विशेष सोयीचे आहे. लुकबान हे लुझोन बेटावरील केसोन प्रांतातले, बनाहाव पर्वताच्या पायथ्याचे गाव. सुमारे 2,170 मीटर उंचीचा हा ज्वालामुखी फिलिपिन्समधील पवित्र पर्वतांपैकी एक मानला जातो आणि पवित्र सप्ताहात त्याच्या उतारांवर यात्रेकरूंची रीघ लागते. गावात दरवर्षी 15 मे रोजी शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिद्रो यांचा 'पाहियास' नावाचा उत्सव होतो. त्या दिवशी मिरवणुकीच्या वाटेवरील घरे भात, भाज्या, फळे आणि 'किपिंग' यांनी मढवलेली असतात. तांदळाच्या पिठाची पातळ पेस्ट झाडाच्या पानावर पसरून वाफवायची आणि ती वाळल्यावर सोलून काढायची, की पानाच्या शिरांचा ठसा उमटलेली पातळ पापडी हाती येते, तिलाच किपिंग म्हणतात. रंगवलेल्या या पापड्या आधी भिंतीवर झुंबरासारख्या झुलतात आणि नंतर तळून किंवा भाजून खाल्ल्या जातात. संत इसिद्रो हे बाराव्या शतकातले माद्रिदचे शेतमजूर; ते प्रार्थनेत असताना देवदूत त्यांचा नांगर हाकत, आणि भुकेलेल्यांना वाढून रिकामे झालेले त्यांच्या घरचे भांडे पुन्हा भरलेले आढळले, अशा आख्यायिका त्यांच्याभोवती आहेत. त्यांना संतपद मिळाले ते 12 मार्च 1622 रोजी, म्हणजे ज्यांचे पार्थिव जुन्या गोव्यात आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर एकाच समारंभात. लुकबान परिसरात ख्रिस्ती धर्म रुजवला तो फ्रान्सिस्कन संघाने, आणि याच संघात सोळाव्या शतकात वसईचे गोन्सालो गार्सिया मनिलात बंधू म्हणून दाखल झाले होते. या संघाने आणलेल्या संताच्या सणाला लुकबानमध्ये गव्हाच्या शेवया खाल्ल्या जातात, आणि गहू तर या देशात पिकतच नाही, परदेशातून येतो, ही विसंगती तिथे कोणाला खटकत असेल असे वाटत नाही.

घरी हे पान्सित करताना मूळ प्रश्न कसा पुढे येतो, हे पाहण्यासाठी कृतीकडे थोडे जवळून पाहिले पाहिजे. लुकबानची 'मिकी' म्हणजे गव्हाच्या पिठाची, वाळवलेली, किंचित चपटी आणि तपकिरी झाक असलेली शेवई. ती वेटोळ्यांच्या रूपात विकत मिळते आणि वाळलेली असल्यामुळे ठिसूळ असते. कढईत आधी डुकराच्या पोटाकडच्या चरबीदार मांसाचे लहान तुकडे परतले जातात, त्यांतून चरबी सुटली की तिच्यातच लसूण आणि कांदा पडतो, मग काळजाचे तुकडे व कोळंबी, त्यावर सोया सॉस आणि मिरपूड. या परतण्याला तागालोगमध्ये 'गिसा' म्हणतात आणि तो शब्द स्पॅनिशमधून आला आहे. पुढे कढईत मांसाचे पाणी घालून उकळी आणली जाते (पाव किलो शेवयांना पाऊण ते एक लिटर लागते) आणि या उकळत्या रश्श्यात कोरड्या शेवया सोडल्या जातात. खरी कसोटी इथे असते. वेटोळे कढईपेक्षा मोठे असले तर ते हाताने मोडून आत बसवण्याचा मोह होतो. नियम पाळणारी व्यक्ती तसे न करता वेटोळे रश्श्यावर नुसते ठेवते, खालची बाजू मऊ पडेपर्यंत थांबते, आणि मग दोन उलथन्यांनी ते अलगद उचलून, सैल करून, पुन्हा खाली सोडते. झाऱ्याने खालीवर ढवळले तर शेवया तुटतात, म्हणून ढवळण्याऐवजी उचलणे हीच इथली रीत. रस्सा आटत आला की वरून दुधीसारख्या चवीची 'सायोते' ही फळभाजी, गाजर आणि पांढऱ्या जाड देठांची 'पेचाय' ही पालेभाजी पडते, कारण ती आधी घातली तर गळून जाते. शेवई अखंड ठेवण्याने स्वयंपाकाचा वेळ वाढतो, चव मात्र बदलत नाही. म्हणजे नियमाचा सगळा भार रांधणाऱ्याच्या हातांवर पडतो आणि खाणाऱ्याच्या जिभेला त्याचा पत्ताही लागत नाही.

'पान्सित' हा शब्द होक्किएन या दक्षिण चिनी बोलीतील, सोयीने झटपट शिजवलेले अन्न अशा अर्थाच्या शब्दापासून आला, असे मानले जाते. फुजियान किनाऱ्यावरचे चिनी व्यापारी स्पॅनिशांच्या आधीपासून या बेटांवर ये-जा करत होते. 1571 मध्ये मनिला स्पॅनिश सत्तेची राजधानी झाल्यावर त्यांची वस्ती वाढली आणि 1594 मध्ये ख्रिस्ती झालेल्या चिनी लोकांसाठी पासिग नदीपलीकडे बिनोंदो ही वसाहत स्थापन झाली. वाढदिवसाला दीर्घायुष्याच्या शेवया खाण्याची चाल चिनी आहे, आणि ती या लोकांबरोबर बेटांवर आली असावी हे उघड आहे. पुढे पान्सितच्या खानावळी मनिलाच्या जीवनाचा भाग झाल्या. होसे रिझाल यांच्या 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एल फिलिबुस्तेरिस्मो' या कादंबरीत विद्यार्थी अशाच एका खानावळीत जमतात, आणि त्यांच्यातला एक जण परतलेले पान्सित सरकारला व देशाला उपरोधाने अर्पण करतो: हा पदार्थ चिनी किंवा जपानी म्हणवतो, पण त्या देशांत तो कोणाला माहीत नाही, तेव्हा तो फिलिपिनोच असला पाहिजे, तरीही तो रांधणारे आणि त्यावर पैसा मिळवणारे चिनीच, आणि सरकारचेही तसेच आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. रिझालांचा रोख राजकारणावर होता. परंतु पदार्थ नेमका कोणाचा, या प्रश्नाबरोबर त्याची खूण कोणाची, हाही प्रश्न तिथे नकळत उभा राहतो.

कॅथलिक धर्मशास्त्राच्या कठोर बाजूने पाहिले तर न कापलेली शेवई अडचणीत येते. तेराव्या शतकातील धर्मचिंतक थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिऑलॉजिआए' या ग्रंथात अंधश्रद्धेचा विचार करताना एक धारदार भेद केला आहे. आरोग्यासारखे शारीरिक फळ मिळवण्यासाठी एखादी वस्तू वापरली, आणि ते फळ देण्याची नैसर्गिक शक्ती त्या वस्तूत असली, तर तिचा वापर निर्दोष ठरतो. पण तशी शक्ती नसेल तर ती वस्तू कारण म्हणून नव्हे, तर खूण म्हणून वापरली जाते. खूण म्हटली की ती वाचणारा कोणीतरी हवाच, आणि देवाने ती खूण सांगितलेली नसेल तर वाचणारा सैतानच उरतो, म्हणून अशी कृती म्हणजे त्याच्याशी केलेला अप्रत्यक्ष करार. शेवईची लांबी आणि आयुष्याची लांबी यांत नैसर्गिक दुवा नाही हे कोणीही मान्य करील, आणि साक्रामेंतांपैकी, म्हणजे ज्या खुणा जे सुचवतात तेच घडवूनही आणतात अशा चर्चच्या सात संस्कारांपैकी, शेवई काही नाही. मग अक्वायनसांच्या तर्काने वाढदिवसाची कढई संशयास्पद ठरते. हा तर्क हास्यास्पद वाटला तरी त्यातला मधला दुवा फार मोलाचा आहे, कारण खुणेला वाचक लागतो हे अक्वायनसांनी अचूक ओळखले. त्यांची चूक झाली असेल तर ती वाचकांची यादी तोकडी करण्यात.

ही यादी त्यांच्या आधी आठ शतके संत ऑगस्टीन यांनी अधिक उदारपणे केली होती. 'दे दोक्त्रिना क्रिस्तियाना' या ग्रंथात त्यांनी खुणेची व्याख्या अशी केली की जी वस्तू इंद्रियांवर स्वतःचा ठसा उमटवते आणि त्याखेरीज दुसरे काही मनात आणून देते ती खूण. ताईत, शकुन, उंबऱ्यावर पाय पडल्याची भीती, या साऱ्यांना त्यांनी अंधश्रद्धेत टाकले खरे, पण माणसांनी माणसांशीच ठरवलेल्या खुणांचा एक वेगळा वर्ग मानला, ज्यात वेशभूषा, वजने-मापे आणि नाणी येतात. कार्थेजमध्ये मूकनाट्य नवे असताना नर्तक काय दाखवतो आहे हे प्रेक्षकांना ओरडून सांगणारा एक माणूस लागत असे, असा दाखला ते देतात. म्हणजे हावभावाचा अर्थ हावभावात नसून पाहणाऱ्यांच्या संमतीत असतो. शेवई या वर्गात बसवायला हरकत नसावी, मात्र त्यासाठी तिचा वाचक माणूस आहे हे दाखवावे लागेल.

हा मुद्दा केवळ पुस्तकी राहिला नाही. चीनमध्ये पूर्वजांपुढे आणि कन्फ्यूशियसपुढे अन्न ठेवून वाकणे ही पूजा की नुसता सामाजिक आदर, यावरून कॅथलिक चर्चमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ वाद झाला. येशूसंघाचे मात्तेओ रिच्ची आणि त्यांचे अनुयायी हा आदर नागरी मानत. ख्रिस्ती झालेल्यांना तो सोडायला लावू नये, अशी त्यांची भूमिका होती. दोमिनिकन संघाचे हुआन बाउतिस्ता दे मोरालेस यांनी मात्र या रीतींवर सविस्तर आक्षेप रोमला सादर केले, आणि 1645 मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय झाला. पुढे 1656 मध्ये येशूसंघाची बाजू ऐकून तो सैल झाला, अठराव्या शतकात बंदी पुन्हा आली, 1742 मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी ती पक्की केली, आणि 1939 मध्ये चर्चने अखेर या रीतींना नागरी ठरवून परवानगी दिली. इथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की मोरालेस चीनला गेले ते मनिलाहून, आणि मनिलातल्या चिनी ख्रिस्ती लोकांची जबाबदारीही त्यांच्याच संघाकडे होती. म्हणजे चिनी घरातल्या अन्नाची खूण कोणासाठी, यावर रोममध्ये कागद फिरत होते, तेव्हा बिनोंदोच्या चुली पेटलेल्या होत्या. त्या चुलींवरच्या शेवईवर कोणी हरकत घेतल्याचे दिसत नाही, आणि हे समजण्यासारखे आहे: पूर्वजांपुढे ठेवलेल्या अन्नाचा खाणारा अदृश्य असतो, तर वाढदिवसाच्या पानावरच्या शेवईचा खाणारा समोर बसलेला असतो. अन्न ज्याला वाढले जाते त्यावरून खुणेचा वाचक ओळखता येतो, असे यावरून म्हणता येईल.

तरीही आक्षेपक म्हणू शकेल की वाचक माणूस असला तरी रांधणाऱ्याच्या मनात फळाची आशा असतेच, आणि फळाच्या आशेने केलेले कर्म हे भारतीय परिभाषेत काम्य कर्मच. या आक्षेपाला भारतीय दर्शनांतलीच एक कसोटी उपयोगी पडते. न्यायसूत्रांत वेदांच्या प्रामाण्यावर असा पूर्वपक्ष येतो की पुत्रेष्टी केली तरी पुत्र होत नाही, म्हणून वेदवाक्य खोटे. त्यावर सूत्रकार गौतम उत्तर देतात की दोष वाक्यात नसून कर्मात, कर्त्यात किंवा साधनात आहे. विधी अपुरा राहिला असेल, यजमान अपात्र असेल, किंवा हवनसामग्री सदोष असेल. हे उत्तर पटो न पटो, ते काय सिद्ध करते हे महत्त्वाचे आहे. ज्या कर्माकडून खरोखर फळाची अपेक्षा असते, ते निष्फळ झाले की लोक चूक शोधतात. याच कसोटीवर पान्सितला घासून पाहावे. वाढदिवसाला ते खाल्लेला माणूस वर्षभरात गेला, तर त्या घरात शेवई कोणी कापली होती याची चौकशी होत नाही, विधीत कमतरता राहिली असे सांत्वन कोणी करत नाही, आणि पुढच्या वाढदिवशी पान्सित टाळलेही जात नाही. अपयशाचा हिशेब जिथे मांडलाच जात नाही, तिथे कार्यकारणाची श्रद्धा आहे असे म्हणणे कठीण आहे, जिभेवरचा शब्द कितीही 'पाम्' म्हणत असला तरी. अर्थात याला अपवाद असलेली माणसे असतील. शेवई चुकून कापली गेली म्हणून एखाद्या आजीचा चेहरा उतरणारच. पण चेहरा उतरणे आणि चौकशी करणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर हाच या निबंधाचा विषय आहे.

जेम्स फ्रेझर यांनी 1890 मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या 'द गोल्डन बाऊ' या ग्रंथात सारख्याने सारखे घडते या समजुतीला जादूचा एक मूळ नियम मानले, आणि अशा कृतींकडे फसलेले विज्ञान म्हणून पाहिले. लांब शेवई व लांब आयुष्य हे त्यांच्या चौकटीत अगदी नेमके बसणारे उदाहरण आहे. लुडविग विट्गेनश्टाइन यांनी फ्रेझरवर लिहिलेल्या टिपणांत या दृष्टीला विरोध करताना प्रिय व्यक्तीच्या चित्राचे चुंबन घेण्याचे उदाहरण दिले: त्या चुंबनाने दूरच्या व्यक्तीवर काही परिणाम होईल असे कोणी मानत नाही, माणूस तसे करतो आणि त्याचे समाधान होते, एवढेच. हे उत्तर फ्रेझरपेक्षा कितीतरी समजूतदार आहे, परंतु पान्सितच्या बाबतीत ते अपुरे पडते, कारण चित्राचे चुंबन घेणारा एकटा असतो आणि त्याचे समाधान त्याच्यापाशीच संपते. शेवई मात्र दुसऱ्याच्या पानावर जाते. ती न मोडता शिजवायला लागलेला वेळ हा ज्याचा वाढदिवस आहे त्याला दिलेला असतो, आणि तुझे आयुष्य लांब व्हावे हे वाक्य बोलण्याऐवजी ते हाताने केले जाते. बोललेल्या शुभेच्छेला खरे-खोटे लावता येत नाही, तसेच हाताने केलेल्या शुभेच्छेलाही लावता येत नाही. तिला विधान समजून तपासायला बसणे हा परिभाषेचा घोटाळा होय.

या खुणेत धर्मगुरूला जागा नाही, हेही लक्षणीय आहे. लुकबानमध्येच जन्मलेल्या आपोलिनारियो दे ला क्रूझ, म्हणजे 'एर्मानो पुले', यांना स्थानिक वंशाचे म्हणून धर्मसंघात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा त्यांनी 1832 मध्ये संत जोसेफ यांच्या नावाने सामान्य लोकांचा भक्तिसंघ उभा केला. या संघाला अधिकृत मान्यता नाकारली गेली, त्याचा अंत रक्तपातात झाला, आणि नोव्हेंबर 1841 मध्ये एर्मानो पुले यांना देहदंड झाला. आशीर्वादाचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न या गावात असा जिवावर बेतला होता. त्याच गावच्या स्वयंपाकघरात मात्र आयुष्य चिंतण्याचा अधिकार कोणाकडे मागावा लागत नाही. तो कढईसमोर जो उभा असेल त्याच्याकडे असतो. या दोन गोष्टींत ऐतिहासिक दुवा आहे असे सुचवायचे नाही, तसा पुरावा नाही. चर्च घरगुती शेवईकडे पाहत नाही, आणि या दुर्लक्षामुळेच ती इतकी मोकळी राहिली, एवढे म्हणता येते.

उरतो तो नियमाच्या सीमेचा प्रश्न, आणि तो लुकबानच्या खाण्याच्या पद्धतीनेच उभा केला आहे. तिथले पान्सित 'हाबहाब' म्हणून ओळखले जाते, कारण ते केळीच्या पानावर घेऊन, वरून व्हिनेगर शिंपडून, चमचा-काटा किंवा हात न वापरता थेट पानावरून तोंडाने खातात. जनावराने अधाशीपणे खावे तसे खाणे, असा त्या शब्दाचा अर्थ. आता एवढ्या कसोशीने अखंड ठेवलेली शेवई पहिल्याच घासाला दातांनी तुटते, आणि याला कोणीही अशुभ मानत नाही. सुरीने कापायचे नाही, दातांनी तोडायला हरकत नाही. नियम वस्तूच्या लांबीवर असता तर हा भेद निरर्थक ठरला असता. पण तो देणाऱ्याच्या हातावर असल्यामुळे पूर्ण अर्थाचा आहे, कारण अखंड राखणे हे देणाऱ्याचे काम आणि तोडणे म्हणजे घेणाऱ्याने ते स्वीकारणे. हाच भेद मिकीच्या पुड्याच्या तळाशीही दिसतो. वाळलेली वेटोळी वाहतुकीत दबतात आणि तळाशी बोटभर लांबीच्या तुकड्यांचा चुरा जमतो. तो फेकला जात नाही. अखंड शेवया मऊ पडल्या की वरून तोही त्याच रश्श्यात सोडला जातो, त्याच उलथन्यांनी वर उचलला जातो, आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याच्या पानावर लांब शेवयांच्या खाली जाऊन बसतो.